स्क्रीन हिरवी, मावशी लाल

ऑफिसातले किस्से म्हणजे मशीनच्या मागची धूळ. आज पुसा, उद्या तेवढीच! त्यात मशीन रूम पुसायचं काम माझं. म्हणून धूळही माझ्याकडे जमा आणि किस्सेही. इंजिनिअर लोक येतात, शिकतात, अमेरिकेला जातात. बॅगेत लोणचं नेतात, किस्से इथेच टाकून जातात. ते सांगायला मी उरले.

एक आधीच सांगून ठेवते. यातल्या बहुतेक किश्श्यांत वेडेपणा माझाच आहे. दुसऱ्याचा असता तर मी तेव्हाच त्याच्या तोंडावर बोलून मोकळी झाले असते, लिहीत कशाला बसले असते?

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचं ऑफिस. खालच्या मजल्यावर पत्रे कापायचं वर्कशॉप, वर आमची काचेची खोली आणि त्यात एसी लावलेली मशीनं. मी यमुना भोईर, शिक्षण चौथी, तोंड मात्र ग्रॅज्युएट! माहेर कल्याणजवळ मोहन्याला, सासर डोंबिवलीच्या खाडीकडच्या गावात. ह्यांची कंपनी बंद पडलेली, घरात दोन पोरं शाळेत. मी ठेकेदाराची माणूस. ठेकेदाराचा करार दरवर्षी संपायचा आणि दरवर्षी मी नव्या कराराची वाट बघत बसायचे. मला एकच हवं होतं, कायम नोकरी. बाकी देवाकडे काही मागितलं नाही. म्हणजे मागितलं, पण ते नंतर.

*

मशीन रूममध्ये चप्पल-बूट घालून जायचं नाही, हा नियम. नियम कंपनीचा, पण तो पाळायला लावणार मी. आमचे मॅनेजर कर्णिकसाहेब पहिल्याच आठवड्यात बूट घालून आत घुसायला निघाले.

"ओ, बूट!" मी ओरडले.

"मावशी, मी मॅनेजर आहे."

"मग तुमची धूळ काय मॅनेजरची धूळ आहे? काढा!"

साहेबांनी काढले. माझी छाती फुगली. पुढे एकदा मुंबईच्या बड्या कंपनीचा गोरा साहेब मशीनं बघायला आला. आमचं ऑफिस त्या बड्या कंपनीच्याच कामावर चालायचं, त्यामुळे सगळे टाय बांधून उभे. मी गोऱ्यासमोर झाडू आडवा धरला आणि त्याच्या बुटांकडे बोट दाखवलं. कर्णिकसाहेब मला डोळ्यांनी नको-नको करतायत. मी कसली ऐकते! गोऱ्याने हसत बूट काढले. मोज्यातून त्याचा अंगठा बाहेर, गुलाबी, गाजरासारखा! त्याच्याकडे बघून मुंबईचे साहेबही बूट काढायला लागले. त्यांच्यातले निम्मे मोजे तसेच.

सगळी मीटिंग लोकांनी पाय खुर्चीखाली ओढून केली. गोरा गेल्यावर मी कर्णिकसाहेबांना म्हटलं, "बघा, नियम म्हणजे नियम!"

साहेब म्हणाले, "मावशी, नियम बरोबर आहे. पण पुढच्या वेळी आदल्या दिवशी सांगा, म्हणजे मोजे तरी विकत घेऊ."

*

आता त्या मशीनचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आत बरीच मशीनं, पण महाराणी एकच. तिला डिरेक्टरी सर्व्हर म्हणायचे. आमची आणि त्या बड्या कंपनीची, झाडून सगळ्या माणसांची नावं तिच्या पोटात. सकाळी कोणी आपला कॉम्प्युटर चालू केला, की तो आधी हिला विचारणार, "हा माणूस आपला का?" ही "हो" म्हणाली तर पुढचं काम. ही आजारी पडली, की सगळे हात बांधून बसणार. ठेकेदाराच्या माणसांची नावं मात्र तिच्या पोटात नसायची. आम्ही तिला पुसायचं, ती आम्हाला ओळखायची नाही!

मग मुंबईहून हुकूम आला, या महाराणीवर एजंट बसवा. एजंट म्हणजे माणूस नव्हे, छोटा प्रोग्राम. तो तिच्या पोटात बसून नाडी बघत राहणार आणि बाहेरच्या स्क्रीनला कळवणार. ठीक असेल तर हिरवं, दमली तर पिवळं, पडली तर लाल. तशीच स्क्रीन तिकडे मुंबईलाही. ते काम आमच्या मिलिंदकडे. डोंबिवलीचा पोरगा, हुशार, बारीक, डबा कायम अर्धा टाकणारा.

त्याने एजंट बसवला आणि दुसऱ्याच मिनिटाला महाराणी ठप्प! कोणाला आत घेईना. लोक केबिनमधून ओरडतायत, मिलिंद घामाघूम. मी आपली काळजीने त्याच्या मागे उभी.

"झालं का रे?"

"नाही मावशी."

चहा ठेवला. "झालं का?"

"नाही हो."

पाणी दिलं. "आता तरी झालं का?"

मिलिंद खुर्चीवरून उठलाच. "मावशी, तुम्ही दर मिनिटाला विचारताय म्हणून होत नाहीये! तुम्हाला उत्तर देऊ की काम करू?"

असा कधी ओरडायचा नाही पोरगा. मी तोंडाला पदर लावला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग मशीनकडे बघितलं आणि एकदम कपाळावर हात मारून हसत सुटला. एजंट त्या महाराणीला हेच करत होता! सारखं आपलं, कशी आहेस, कशी आहेस. ती बिचारी "बरी आहे" सांगण्यातच दमली, बाकीच्यांना कधी बघणार?

मिलिंदने एजंटला समज दिली, पाच मिनिटांतून एकदा विचारायचं. मशीन सुरू झाली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि मावशी, तुम्हीसुद्धा!"

*

इंजिनिअर लोक जेवायला गेले की स्क्रीन बघायचं काम माझ्याकडे आलं. रंगच बघायचे, त्याला शाळा कशाला लागते? मी स्टूल टाकून ऐटीत बसायचे. कोणी विचारलं, काय करताय, तर म्हणायचे, "ड्युटीवर आहे."

एका दुपारी अकाउंट्समधून फोन, "मावशी, मशीन आत घेत नाहीये."

मी स्क्रीन बघितली. हिरवीगार. "काही झालं नाही मशीनला. तुमचंच बटण चुकत असेल!"

मग स्टोअरमधून फोन. मग मुंबईहून. सगळ्यांना मी तेच ऐकवलं, प्रत्येक वेळी थोडं वरच्या पट्टीत. "माझ्यासमोर हिरवं आहे म्हणजे आहे! एवढे शिकलेले, नीट बघून टाइप करता येत नाही?" शेवटी कर्णिकसाहेब स्वतः आले. त्यांनाही मी दारातच अडवलं. "साहेब, तुम्हीपण? जरा धीर धरा, दोन घोट पाणी प्या, परत करून बघा."

तेवढ्यात मिलिंद हात पुसत आला. त्याने माऊस हलवला. बाण हलेना. स्क्रीनच गोठलेली! सकाळपासून जे हिरवं होतं तेच फोटोसारखं टांगून राहिलेलं. आत महाराणी कधीची आडवी, एजंट तिच्याबरोबर आडवा, आणि मी दोघांची वकिली करतेय!

मला वाटलं, आता साहेब ठेकेदाराला फोन लावणार. साहेब काही ओरडले नाहीत. जाता जाता एवढंच म्हणाले, "मावशी, हिरवं तर शेवाळंही असतं."

घरी ह्यांना सांगितलं. ते इतके हसले, इतके हसले, की कंपनी बंद झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. म्हणून तो किस्सा मी पुढे बराच वाढवून सांगत राहिले.

*

मासळीचं आता. सकाळी येताना स्वस्तात ताजे बोंबील मिळाले. ओले बोंबील ते, संध्याकाळपर्यंत टिकणार कसे? आणि ऑफिसात सगळ्यात थंड जागा कुठली? बरोबर! प्लास्टिकच्या पिशवीत तीनदा गुंडाळून मी ते महाराणीच्या मागे, एसीच्या तोंडाशी ठेवले. मशीनही थंड, बोंबीलही थंड. स्वतःच्या अकलेवर खूश होऊन चहा करायला गेले.

तो एसी काय फक्त त्या खोलीचा होता? त्याचा एक फाटा निघायचा तो थेट नाडकर्णीबाईंच्या केबिनमध्ये. नाडकर्णीबाई म्हणजे पर्सोनेलच्या मॅडम. कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, सगळं त्यांच्या हातात. नाजूक बाई. त्या दिवशी त्यांचा चतुर्थीचा उपास!

अर्ध्या तासात बाई नाकाला रुमाल लावून बाहेर. "काहीतरी मेलंय! उंदीर मेलाय मशीनमध्ये!"

मिलिंद धावत स्क्रीनकडे गेला. सगळं हिरवं. खरोखरचं हिरवं, बाण हलवून बघितला त्याने. "मॅडम, मशीन ठणठणीत आहे."

"मग हा वास कसला?"

सगळ्यांनी मशीनं हलवायला सुरुवात केली. मीही शोधायला लागले. मीच सगळ्यात जोरात, "कुठे मेलाय मेला, कुठे मेलाय!" करत. मिलिंदच्या हाताला पिशवी लागली. त्याने उघडून बघितलं, माझ्याकडे बघितलं, पिशवी परत बांधली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मॅडम, सापडलं. वायर जळलेली."

बाई गेल्यावर मी त्याचा हात धरला. "देव भलं करो रे तुझं. पण काय रे, तुझा एजंट एवढा चोवीस तास मशीनच्या उरावर बसलेला, त्याला कसं कळलं नाही?"

"मावशी, त्याला नाक नाही दिलेलं. आता या वायरी उद्या तळून आणा."

आणल्या. त्या दिवशी डबा पूर्ण संपवला पोराने.

*

मिलिंदच्या कमरेला पेजर असायचा. स्क्रीन लाल झाली की तो टूं-टूं वाजणार. एका शनिवारी साहेबांची परवानगी काढून तो डोंबिवलीत मुलगी बघायला गेला. कशासाठी ते मला एकटीला सांगून गेला. "मावशी, तेवढे दोन तास सांभाळा."

आणि नेमकं लाल झालं! मी बाण हलवून बघितला, बाण हलत होता. म्हणजे खरंच लाल. तिकडे पोह्यांची बशी हातात आणि पेजर टूं-टूं. त्याने मुलीच्याच घरचा फोन मागून ऑफिसला लावला.

आता माझा आवाज. आमच्या गावात खाडीच्या या काठावरून त्या काठाला हाक मारायची सवय. फोनमध्ये तार असते, ती आवाज नेते, यावर माझा विश्वास कधी बसलाच नाही. मिलिंदने हळूच विचारलं, "मावशी, काय दिसतंय?"

मी खाडीपल्याड हाक मारली. "सगळं लाल आहे रे! ते पोहे ठेव बाजूला आणि आधी इथे ये! मुलगी काय पळून जात नाही! आणि गेली तर जाऊ दे, दुसरी बघू!"

नंतर कळलं, रिसीव्हर कानाला लागण्याआधीच माझा शब्दन् शब्द हॉलमध्ये पोचलेला. मुलीच्या वडिलांच्या हातातला चमचा तसाच. मिलिंदला घाम. आणि मुलगी पदरात तोंड लपवून खुदूखुदू हसतेय. वडिलांनी विचारलं, "या कोण?"

मिलिंदच्या तोंडून निघालं, "आमचा दुसरा एजंट."

तिथेच लग्न ठरलं. मुलीची एकच अट, त्या बाईंना पहिल्या पंगतीला बसवायचं. बसले मी! जेवताना आवाज जरा कमी ठेवला.

*

आता माझ्या पेढ्यांची फजिती ऐका. एजंट फक्त मशीनची नाडी बघायचा, ते मुंबईला पुरेना. त्यांचं म्हणणं, एजंटने दर पाच मिनिटांनी महाराणीला एक नाव विचारायचं, "हा माणूस आहे का?" तिने "आहे" म्हणायला किती वेळ लावला, त्यावरून तिची तब्येत ठरवायची. पण नाव कोणाचं द्यायचं? साहेबांचं दिलं आणि त्यांची बदली झाली तर? मिलिंद डोकं खाजवत बसलेला.

"मावशी, तुम्ही कुठे जाणार आहात का हो?"

"मी? स्मशानात. त्याआधी कुठे नाही."

"मग तुमचंच टाकतो!"

टाकलं. यमुना भोईर. इंग्रजीत. मला त्याने स्क्रीनवर दाखवलं, मी हात लावून बघितलं. आता तुम्हीच सांगा, ज्या मशीनमध्ये फक्त कायम माणसांची नावं असतात, तिच्यात माझं नाव आलं, तर मी काय समजायचं?

दुसऱ्या दिवशी मी पेढ्यांचा डबा घेऊन नवी साडी नेसून ऑफिसात हजर! गावात आदल्या संध्याकाळीच सांगून झालेलं. सासू तर दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला, "आमची सूनबाय परमनंट झाली गो!" मी पहिला पेढा नाडकर्णीबाईंना दिला. त्यांनी अर्धा खाऊन विचारलं, "कशाबद्दल?"

"मी कायम झाले ना, मॅडम. मशीनमध्ये नाव आलंय."

बाईंचा घास अडकला. "अहो मावशी, ते टेस्टिंगचं आहे."

म्हणजे नाव माझं, पण मी त्यात नाही. सगळ्या ऑफिसने पेढे गपचूप खाल्ले, माझ्याकडे कोणी बघेना. मिलिंदचं तोंड एवढुसं झालेलं. म्हटलं, रडले तर ही पोरं उगाच घाबरतील. डबा आपटला आणि म्हणाले, "खा रे सगळे! पेढे काही टेस्टिंगचे नाहीत!"

गावात मात्र खरं सांगायची हिंमत झाली नाही. पुढे कितीतरी दिवस सासू माझ्या पगाराची वाढ विचारायची आणि मी दात दुखतोय म्हणायचे.

*

मिलिंद लग्न करून अमेरिकेला गेला. त्या वर्षी करार संपला आणि ठेकेदाराने सांगितलं, नवीन करार नाही, उद्यापासून येऊ नका. कर्णिकसाहेबांनी वर दोनदा शब्द टाकला होता, वरून उत्तर आलं नाही. मी मशीन रूम पुसली, स्टूल जागेवर लावलं आणि निघाले. नाडकर्णीबाई रीतसर बाई. त्यांनी त्याच संध्याकाळी कंपनीत नसलेल्यांची सगळी नावं महाराणीच्या पोटातून काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात कोळंबी सोलत बसलेले. डोक्यात एकच, पोरांची शाळा. ऑफिसची गाडी दारात थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, चला. लाल झालंय."

"कोण? स्क्रीन की साहेब?"

"दोन्ही."

हात धुवून तशीच गेले. ऑफिसात वेगळंच चाललेलं. लोक मजेत काम करतायत, सगळ्यांना महाराणी आत घेतेय, आणि स्क्रीन लालभडक! नवे इंजिनिअर मशीन उघडून बसलेले. मुंबईहून सारखा फोन, तुमची मशीन मेलीय, आमच्याकडे लाल दिसतंय, काम काढून घेऊ. कर्णिकसाहेब घसा कोरडा होईपर्यंत सांगतायत की चालू आहे हो, चालू आहे. तिकडे कोणी ऐकेना.

"मावशी, लाल झालं की मिलिंद काय करायचा? आठवून सांगा."

"मला काय विचारता? मी कामावर नाही!"

साहेबांनी कपाळ चोळलं आणि अमेरिकेला फोन लावला. तिकडे रात्र. मिलिंद झोपेतून उठलेला. साहेबांनी मोठ्याने बोलायचं बटण दाबलं, सगळ्यांना ऐकू येत होतं. साहेबांनी सगळं सांगितलं. मिलिंदने एवढंच विचारलं, "सर, यमुनामावशी आहेत का?"

"आहेत ना, समोर बसल्यात."

"तिथे नाही सर, डिरेक्टरीत!"

सगळे नाडकर्णीबाईंकडे बघायला लागले. बाई पांढऱ्याफटक. "मी नियमानेच काढलं. त्या आता कोणीच नाहीत ना!"

मिलिंद तिकडून म्हणाला, "मॅडम, एजंट दर पाच मिनिटांनी त्यांनाच विचारतोय. त्या नाहीत म्हणजे त्याच्या मते कोणीच नाही. आणि त्याला दुसरं नाव द्यायचं तर मुंबईची परवानगी लागते, त्यात आठवडा जातो."

"मग परत टाका नाव!" साहेब ओरडले.

"नाही टाकता येत, सर," नाडकर्णीबाई म्हणाल्या. "मुंबईचंच नवीन पत्रक आहे. टेस्टिंगची नावं बंद, फक्त कायम कर्मचारी."

दुसऱ्या टेबलावर मुंबईचा फोन परत वाजायला लागला. साहेबांनी फोनकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझ्या हातांना कोळंबीचा वास येत होता, मी ते पदराखाली घेतले.

साहेबांनी मुंबईचा फोन उचलला. "दोन मिनिटांत हिरवं करतो. पण तुमच्या पत्रकाप्रमाणे एक माणूस कायम करावा लागेल. हो म्हणा." तिकडून काय बोलले कळलं नाही. साहेबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "नाडकर्णीबाई, करा कायम."

बाई कीबोर्डवर बसल्या. माझं नाव टाकलं. मग थांबल्या. "सर, इथे कामाचं नाव भरल्याशिवाय पुढे जात नाही. झाडूचं काम ठेकेदाराकडे आहे, ते नाही टाकता येत. मग यांचं काम काय लिहू?"

साहेब म्हणाले, "असणं!"

मी विचारलं, "आणि त्याला रजा किती मिळणार?"